मौन आचेवरची फरसबी

फरसबी-बटाट्याची भाजी जेमतेम अर्धी शिजली होती आणि गॅस संपला. शेगडीने एकदा फुर्र केले, ज्योत निळीची पिवळी झाली आणि विझली. दुसरा सिलिंडर भरलेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो नोंदवण्याचे काम घरातल्या कर्त्या पुरुषाकडे होते, आणि कर्ता पुरुष बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरच्या कोऱ्या पडद्यापुढे बसून डोके खाजवत होता.

"अहो, गॅस गेला!" बायको आतून म्हणाली.

"मग दुसरा लाव ना."

"दुसरा तुम्ही नोंदवणार होतात."

बाहेरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नोंदवलात का?"

"अगं, आठवण करायची होतीस जरा."

"परवा केली, काल केली, आज सकाळी तुम्ही दाढी करत होतात तेव्हा केली. आरशातून मान हलवलीत."

बायको एका विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होती. लोकांच्या चुकांची कारणे ऐकण्याचाच तिला पगार मिळत असे, त्यामुळे ते काम ती घरी फुकट करत नसे. तिने पातेल्यावर झाकण ठेवले, जुन्या शालीत ते गुंडाळले, झाकण हलू नये म्हणून वर इस्त्री ठेवली आणि सगळे गाठोडे कपाटात सरकवले. समोरच्या काकूंकडून सिलिंडर मिळाला तर पुढे शिजवू, असा तिचा विचार होता. काकू लेकीकडे गेल्या होत्या. मग नवराबायकोने ब्रेडला जॅम लावून खाल्ला, आणि भाजी कपाटातच राहिली.

आता नवऱ्याविषयी सांगायला हवे. तो एका दैनिकात उपसंपादक होता. पूर्वी तो भाजीपाल्याचे बाजारभाव लिहीत असे. त्यासाठी रोज पहाटे, माणसे साखरझोपेत असताना, घाऊक बाजारात जाऊन कोबीच्या ढिगाऱ्यांमध्ये उभे राहावे लागे. मग जुन्या संपादकांना पुरवणीत स्वयंपाकावर एक सदर हवे झाले. "तू भाज्यांचे भाव लिहितोस, म्हणजे भाज्यांशी तुझा संबंध आहेच," असे म्हणून त्यांनी ते याच्या गळ्यात घातले. सदराचे नाव होते 'स्वयंपाकाची भाषा'. दर आठवड्याला स्वयंपाकातला एक शब्द घ्यायचा आणि तो वाचकांना उलगडून सांगायचा: उकडणे आणि वाफवणे यांत फरक काय, मंद आच म्हणजे किती मंद, चवीपुरते मीठ म्हणजे नेमके कोणाच्या चवीपुरते.

त्याला स्वतःला स्वयंपाकातले ओ की ठो कळत नव्हते. चहासुद्धा बायको सांगेल तेव्हाच उतरवता येई. पण तो पट्टीचा लिहिणारा होता. तो दारातून विचारी, "परतणं म्हणजे काय गं?" ती मागे न वळता सांगे, "करपू नये म्हणून हलवत राहणं." एवढ्या भांडवलावर तो पाऊण पान लिही, आणि त्यात 'परतणे म्हणजे पदार्थाशी चालवलेला अखंड संवाद' अशी वाक्ये असत. वाचक ती कापून ठेवत, काही जण तर फ्रिजच्या दारावर चिकटवत. संवाद चालू असताना भाज्या करपत, ती गोष्ट वेगळी.

दोन वर्षांत सगळे शब्द संपले. चिरणे झाले, किसणे झाले, मुरवणे झाले, आळवणे झाले. मागच्या महिन्यात त्याने झाकणावर लिहिले, मग चिमट्यावर लिहिले, आणि गेल्या आठवड्यात 'पाणी' या शब्दावर लिहिले. त्यातच नव्या संपादक मॅडम आल्या. त्यांनी पुरवणीची पाने कमी करायला घेतली आणि सांगितले की शब्दकोडे आणि 'स्वयंपाकाची भाषा' यांपैकी एकच राहील. राशिभविष्याला हात लावायची सोय नव्हती, कारण एकदा ते चुकून छापायचे राहिले तेव्हा वाचक थेट कचेरीत शिरले होते. सदर गेले की पुन्हा पहाटेचा बाजार आणि कोबीचे ढीग, हे उपसंपादकाला लख्ख दिसत होते. उद्या दुपारपर्यंत काहीतरी भारी द्यायला हवे होते आणि डोक्यात एक शब्द नव्हता.

सकाळी बायकोने कपाट उघडले, इस्त्री उतरवली, शाल सोडली आणि फरसबीचा एक तुकडा दाताखाली घेऊन पाहिला.

"कच्ची आहे. टाकून देते."

"थांब." उपसंपादकाने एक तुकडा तोंडात टाकला. बाहेरून मऊ होता, आतून करकरीत होता. तो चावत राहिला. चावता चावता त्याने शालीकडे पाहिले, इस्त्रीकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले. त्याचा चेहरा उजळू लागला.

"अगं, याला काय म्हणतात?"

"याला गॅस संपणं म्हणतात," बायको म्हणाली आणि ऑफिसला निघून गेली.

त्या आठवड्याच्या सदराचा मथळा होता 'मौन आच'. उपसंपादकाने लिहिले होते, 'मंद आच सर्वांना ठाऊक असते. मौन आच मात्र फार थोड्यांना साधते. पदार्थ अर्ध्यावर आला की विस्तव काढून घ्यावा, आणि पदार्थाला शालीत गुंडाळून त्याच्या स्वतःच्या उबेसोबत एकटे सोडावे. जुन्या काळी डोंगरातल्या मठांमधून असेच रांधत असत. मौन आचेवरची भाजी बाहेरून मृदू आणि आतून ठाम असते.' मठ कुठले, डोंगर कुठले, हे त्याला कुणी विचारले असते तर त्याची बोबडी वळली असती. पण मठांचे पत्ते विचारत बसायची वाचकांना सवय नसते.

पहिली बातमी जिन्यातच मिळाली. काकू लेकीकडून परत आल्या होत्या.

"अरे, तुझ्या त्या मौन आचेवर काल दुधी केला."

उपसंपादकाने जिन्याचा कठडा धरला. "कसा झाला, काकू?"

"आमच्या यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, पोट भरलं. एरवी तीनदा वाढून घेतात. किती पौष्टिक झाला असेल बघ!"

पत्रांचा तर पाऊस पडला. कोणाची आजी म्हणे असेच करायची. कोणाला हे आधीपासूनच माहीत होते, फक्त नाव सुचत नव्हते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कळवले की मौन आचेचे तीन प्रकार आहेत, अर्धमौन, पूर्णमौन आणि महामौन, आणि लेखकाने तिन्हींची गल्लत केली आहे. उपसंपादकाने त्यांचे आभार मानले आणि तीन प्रकारांवर तीन आठवडे काढले.

मग हॉटेलांना वास लागला. एखादी गोष्ट कमी शिजवायची, गॅस वाचवायचा आणि वर तिचे दुप्पट पैसे घ्यायचे, असा सोन्यासारखा शब्द त्यांच्या हाती यापूर्वी लागला नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाने काटा खाली ठेवून "हे गाजर कच्चं आहे," म्हटले की वेटर किंचित हसून हळू आवाजात सांगे, "मौन आचेवरचं आहे, साहेब." मग गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर कोणी ऐकले तर नाही ना, हे पाही आणि मुकाट्याने चावू लागे. कच्चे खाण्यापेक्षा अडाणी दिसण्याची भीती मोठी असते, आणि ती भीती मेन्यूकार्डावर छापता येते.

सगळ्यात आधी भोगावे लागले ते उपसंपादकालाच. कचेरीच्या कँटीनवाल्याने त्याच्या सन्मानार्थ रोज फरसबी करायला सुरुवात केली. तो स्वतः ताट घेऊन येई आणि उभा राही.

"साहेब, खास तुमच्यासाठी. उकळी आली की लगेच उतरवली. एक मिनिट जास्त ठेवली असेल तर सांगा."

"नाही ठेवलेली," उपसंपादक जबडा चालवत म्हणे. "चांगलं कळतंय."

घरी येऊन तो पोटावर हात ठेवून बसे. बायको त्याला साधा वरणभात नाहीतर टोस्ट, जे असेल ते देई, आणि तो ते एखाद्या दुष्काळातून आल्यासारखा खाई.

"किती दिवस चालवणार हे?" ती विचारी. "माझ्या ऑफिसात अर्धी माणसं पोट धरून बसलीयत."

"विसरतील गं लोक. आठवडाभरात विसरतील."

"'विसरतील' म्हणणाऱ्यांच्याच फायली येतात माझ्या टेबलावर."

लोक विसरले नाहीत. एक दिवस संपादक मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावले. आत एक गोरेगोमटे, गुबगुबीत गृहस्थ बसले होते आणि टेबलावर एक झगमगीत काचेची शेगडी ठेवलेली होती. ते शेगडीच्या कंपनीचे संचालक होते.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "शब्दकोडं बंद करतेय. तुमचं सदर राहतंय, अर्धं पान वाढवून. साहेबांनी वर्षभराची पानभर जाहिरात दिलीय."

उपसंपादकाचा जीव भांड्यात पडला. तो पुरता पडायच्या आत त्याचे लक्ष शेगडीकडे गेले. बर्नर तीन होते आणि बटणे चार होती.

"हे चौथं बटण कशाचं?" त्याने विचारले.

"मौन आचेचं," संचालक अभिमानाने म्हणाले.

"ते फिरवल्यावर काय होतं?"

"काहीच होत नाही."

"काहीच नाही?"

"म्हणजे काय! तुम्हीच लिहिलंय ना, विस्तव काढून घ्यावा? आमच्या इंजिनिअरांनी सहा आठवडे खपून काढलंय हे. काहीही होऊ न देणं सोपं नसतं, साहेब."

मॅडमनी पुढचे सांगितले. दैनिकाच्या वर्धापनदिनाला मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलचे शेफ मौन आचेवर रांधून दाखवणार होते आणि त्यांच्या शेजारी उपसंपादकही रांधणार होता. दोघांचा पदार्थ संचालक स्वतः चाखणार होते.

"मी? रांधणार?" उपसंपादक म्हणाला. "मॅडम, मी लिहिणारा माणूस. करणारा नव्हे."

"दोन वर्षं लोकांना शिकवताय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "भाजी करता येत नसेल तर तसं सांगा. बाजारभावाची जागा रिकामीच आहे."

दोन दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी त्याने ठरवले की निदान शेफना तरी खरे सांगून टाकावे. तो माणूस जाणकार, काहीतरी मार्ग काढेल. तो हॉटेलच्या मुदपाकखान्यात गेला. उंच टोपी घातलेले शेफ एका गोधडीसारख्या जाड ब्लँकेटची घडी घालत उभे होते.

"शेफ, जरा खासगी बोलायचं होतं. त्या मौन आचेबद्दल."

"बरं झालं आलात. तुमच्या लेखात चूक आहे एक."

उपसंपादकाला हायसे वाटले. "एकच? अहो, खरं सांगायचं तर सगळंच..."

"तुम्ही शाल म्हटलंय. शाल चालत नाही. लोकरीचं ब्लँकेट लागतं. आमचे आजोबा ब्लँकेटच वापरायचे."

"तुमचे आजोबा मौन आचेवर रांधायचे?"

"जन्मभर."

"शेफ, ऐका माझं," उपसंपादक काकुळतीला आला. "असं काही नसतंच. भाजी कच्ची राहते हो त्यात."

शेफनी त्याच्याकडे रोखून पाहिले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते हसले. "परीक्षा घेताय होय माझी? घ्या. माझ्या आधी इथे जे शेफ होते ना, त्यांनी मालकांना नेमकं हेच सांगितलं. असं काही नसतं, भाजी कच्ची राहते. मालकांनी त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. मला विचारलं, तुम्हाला येते का मौन आच? म्हटलं, आमच्या घराण्यात आहे."

"आणि ते आधीचे शेफ?"

"चौकात गाडी लावलीय त्यांनी. पूर्ण शिजवलेलं विकतात, बिचारे. चांगली चालते म्हणे. आमच्याकडून जेवून निघालेली गिऱ्हाइकं जातात तिकडे."

उपसंपादक तिथून निघाला तो मान खाली घालून. आपल्या पाऊण पानापायी कोणाच्या पोटात दुखले, याचे त्याने फारसे मनावर घेतले नव्हते. पण खरे बोलणाऱ्या एका माणसाची नोकरी गेली, हे त्याला फार लागले. घरी येऊन त्याने सगळे बायकोला सांगितले.

"मग आता काय करणार?" तिने विचारले.

"सांगावं तर सदर जातं. पुन्हा पहाटे उठून कोबी मोजायची."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"तर जन्मभर फरसबी चावायची."

बायकोने त्याला सल्ला दिला नाही. तिने फक्त शाल धुऊन, वाळवून आणि इस्त्री पुसून दोन्ही पिशवीत भरून ठेवले.

वर्धापनदिनाला सभागृह खचाखच भरले होते. पहिल्या रांगेत मॅडम होत्या, बायको होती, आणि नवी साडी नेसून काकू होत्या. व्यासपीठावर दोन टेबले, दोन चार-बटणी शेगड्या. शेफनी बटाटे पाण्यात टाकले, एक उकळी येताच बर्नर बंद केला, चौथे बटण समारंभपूर्वक फिरवले आणि पातेले ब्लँकेटात गुंडाळले. टाळ्या पडल्या. उपसंपादकानेही तेच केले, शालीत गुंडाळून वर इस्त्री ठेवली. इस्त्री पाहून मागच्या रांगांतून "वा!" असा उद्गार आला.

पदार्थ मौन पाळत असताना शेफ बोलत होते. "मंद आच ही शेगडीत असते. मौन आच ही माणसात असते." लोक लिहून घेत होते.

झाकणे उघडली. संचालक हसतमुखाने पुढे आले. त्यांनी शेफच्या पातेल्यातला एक गुबगुबीत बटाटा काट्याला लावला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि दाढेखाली घेतला. माइक जवळच होता. 'कट्' असा आवाज सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत स्पष्ट गेला.

संचालकांनी गालाला हात लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी रुमालात काहीतरी थुंकून पाहिले, आणि ते बटाट्याचे नव्हते.

"दाढ," ते अस्पष्टपणे म्हणाले.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला, कारण त्यांना वर्षभराची जाहिरात त्या रुमालात दिसत होती. शेफ ब्लँकेटची घडी घालू लागले. उपसंपादकाने पहिल्या रांगेत बायकोकडे पाहिले. ती नेहमी बघते तशीच बघत होती, आरशातल्या माणसाने खरोखर मान हलवली की नाही हे पाहावे तशी. त्याने माइक हातात घेतला.

"माफ करा," तो म्हणाला. "मौन आच असं काही नसतं. मठही नव्हते. त्या रात्री आमच्या घरचा गॅस संपला. मी दुसरा नोंदवायला विसरलो होतो. भाजी कच्ची राहिली. मला सदर भरायचं होतं म्हणून मी त्याला नाव दिलं. कच्चं म्हणजे कच्चं. त्याला दुसरा शब्द नाही."

आता लोक आपल्याला खुर्च्या फेकून मारणार, असे त्याला वाटले. त्याने डोळे मिटून घेतले. मग निवृत्त मुख्याध्यापक उठून उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "काय हा विनय! स्वतःच्या ज्ञानाला अज्ञान म्हणतोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"विनय नाही हो!" उपसंपादक ओरडला. "खरंच गॅस संपला होता! माझी बायको इथे बसलीय, तिला विचारा!"

आता मात्र कुजबूज सुरू झाली. शेफनी ती हेरली, पुढे होऊन अलगद माइक काढून घेतला आणि उपसंपादकाकडे दयेने पाहिले.

"इथेच तर नवशिके फसतात," ते म्हणाले. "यांचा गॅस संपला. मौन आचेत गॅस संपत नसतो. आपण तो थांबवतो. साहेबांची दाढ दुखावली, कारण साहेबांनी बटाटा घाईने चावला. मौन आचेवरचा पदार्थ चावायचा नसतो. त्याच्याजवळ थांबायचं असतं."

सगळे सभागृह उभे राहिले. संचालकसुद्धा गाल धरून मान डोलावत म्हणाले, "फलक आहे, फलक आहे," म्हणजे फरक आहे. काकूंचा तर संताप अनावर झाला होता. त्या पहिल्या रांगेतूनच कडाडल्या, "अरे, तुला जमत नसेल तर तसं सांग! नाही असं कसं म्हणतोस? मला पूर्णमौनापर्यंत येतं!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी उपसंपादकाला पुन्हा केबिनमध्ये बोलावले.

"सदर शेफना देतेय. काल तुम्ही सगळ्यांसमोर सिद्ध केलंत की तुम्हाला मौन आचेची मूलभूत माहितीसुद्धा नाही."

"मॅडम, तो शब्दच मी..."

"शब्द तुम्ही लोकांपर्यंत आणलात, त्याबद्दल आपला पेपर ऋणी राहील. पण अभ्यास कमी पडला."

उपसंपादकाच्या डोळ्यांपुढे कोबीचे ढीग उभे राहिले. "म्हणजे बाजारभाव?"

"छे छे. भाव चुकला तर व्यापारी कोर्टात खेचतात. तुम्ही राशिभविष्य घ्या. आपले ज्योतिषी पोट बिघडून रजेवर गेलेत. शेफच्या हॉटेलात जेवले होते."

"त्यांना आधी कळायला हवं होतं," उपसंपादक म्हणाला.

"म्हणूनच तुम्हाला देतेय. तिथे कुणी अडाणी म्हणणार नाही."

त्याला वाईट वाटले. थापा मारून जे दोन वर्षे टिकले ते एकदा खरे बोलल्यामुळे गेले, याचे त्याला फार वाईट वाटले. घरी जाताना तो मुद्दाम चौकातून गेला. गाडीवर ही गर्दी होती. जुने शेफ घामाघूम होऊन भाजी वाढत होते आणि लोक उभ्याउभ्याच, मान खाली घालून, कोणी ओळखू नये अशा बेताने खात होते. गर्दीत गाल सुजलेले एक गुबगुबीत गृहस्थ सूप पीत होते. उपसंपादकाने त्यांना ओळख दाखवली नाही. त्याने दोन पुडे बांधून घेतले आणि सुटे पैसे परत न घेताच तो निघाला.

घरी बायकोने पुडा सोडला, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "काल बरं बोललात."

"कुणाला पटलं नाही."

"मला पटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तुमचं एखादं वाक्य मला एका दमात कळलं."

त्या दिवसापासून त्याची झोप परत आली. पुढच्या आठवड्याच्या पुरवणीत शेफचा पहिला लेख आला, 'मौन आच: समज आणि गैरसमज'. गैरसमज सगळे उपसंपादकाचे होते. काकूंनी तो कापून, खाली रेघा मारून, त्याच्या दारातून आत सरकवला. त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर त्याचे पहिले राशिभविष्य होते. कंपनीने व्यासपीठावरच्या दोघांनाही शेगड्या भेट दिल्या होत्या, त्यांतली एक आता त्यांच्या ओट्यावर चकचकत होती. तिच्यावर फरसबी-बटाट्याची भाजी होती, आणि बायको एका हाताने ती परतत दुसऱ्या हाताने पुरवणी वाचत होती.

"'मिथुन,'" तिने मोठ्याने वाचले. "'जोडीदाराने सांगितलेले काम पुढे ढकलू नका. इंधनाची चणचण संभवते. वेळीच नोंदणी केल्यास कटू प्रसंग टळेल.' अहो, मिथुन तुमचीच ना?"

"माझीच," उपसंपादक बाहेरच्या खोलीतून खुशीत म्हणाला. "म्हटलं, एकदा तरी लोकांच्या उपयोगाचं लिहावं. कसं वाटलं?"

"छान आहे. मग नोंदवलात?"

बाहेरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेगडीने एकदा फुर्र केले, ज्योत निळीची पिवळी झाली आणि विझली. बायकोने पहिले बटण फिरवून पाहिले, मग दुसरे, मग तिसरे. मग तिने चौथे फिरवले.

"हे एक मात्र अजून व्यवस्थित चालतंय," ती म्हणाली.